एका पानात मिर्का

३ मार्च, सोमवार
मिर्का अजून माझ्याच कोचावर. माझ्या लेकीची लेक, वय एकोणतीस. कागदाच्या कारखान्यात कँटीन सांभाळायची, तो बंद पडला तशी इथं कोत्क्याला आली. चार दिवसांसाठी म्हणून, नाताळच्या आधी.
आज तुर्कूच्या एका जहाज कंपनीला अर्ज करायला बसली. जहाजावरच्या स्वयंपाकघराची मुख्य व्हायचंय. रेझ्युमे तीन पानी. एवढं तर पाद्रीबाबांनी माझ्या नवऱ्याच्या मयतालाही वाचलं नव्हतं, आणि तो एकाहत्तर वर्षं जगला होता.
सांगितलं, एक पान. बास. शेजारची केर्तू कॉफीला आली होती. ती म्हणे, हल्ली दोन चालतात. केर्तूला विचारलं कुणी?

४ मार्च
लाल पेन्सिल घेऊन बसले. 'नेतृत्वगुण' खोडलं. हिच्यामागे मांजर जात नाही. 'उत्साही' खोडलं. दहाला उठते. 'वाचनाची आवड' खोडलं. गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचते, तेवढंच.
मिर्का म्हणाली, आजी, मग उरलं काय माझं? म्हटलं, नाव उरलं, पत्ता उरला. स्वतःची टिमकी वाजवणाऱ्याला कोण कामावर ठेवतं?
तिचे डोळे पाणावले. हवा कोरडी आहे सध्या.

६ मार्च
एका पानात बसलं. तरी जरा भरगच्चच वाटतं. निश्चय: उद्यापासून तिच्या कामात लुडबुड नाही.

७ मार्च
फोटो बदलायला लावला. दात दिसत होते.

८ मार्च, शनिवार
सौनाच्या वाफेत बसलो असताना म्हटलं, अजून दोन ओळी कमी होतील, ती पोहण्याच्या आवडीची तरी. ती गप्प. गप्प म्हणजे पटलं.

११ मार्च
अर्ज गेला. शेवटी एक नाव द्यावं लागतं, कंपनी त्या माणसाला फोन करून चौकशी करते. कारखान्याचा साहेब स्पेनला जाऊन ऊन खातोय, फोन उचलत नाही. म्हणून माझं नाव. यात खोटं काही नाही. बंदरावरच्या कँटीनची मुख्य मीच होते आणि मिर्का तीन उन्हाळे माझ्या हाताखाली राबली. आडनावं वेगळी, त्यामुळे नातं कळायचं नाही.
मिर्का दोनदा म्हणाली, आजी, चांगलं बोल हं. आता हे मला शिकवणार.

१४ मार्च, सकाळी
फोन आला. कुणी पोरगी होती, तोंडाचा पट्टा नुसता. मिर्का कामाला कशी आहे म्हणे. मी शोभेल इतका वेळ गप्प राहिले. विचारल्या विचारल्या जो उत्तर देतो त्याच्यावर कोण विश्वास ठेवील? ती मधेच, हॅलो, आहात ना?
म्हटलं, आहे. जमतं तिला.
आणखी काही सांगाल का म्हणे. म्हटलं, येते वेळेवर. आजवर कुणाला विषबाधा झाली नाही.
दोष विचारले. तीन सांगितले. विचारल्यावर लपवायचं कशाला?
पुन्हा कामावर घ्याल का म्हणे. म्हटलं, दुसरं कुणी मिळालं नाही तर का नाही.
फोन ठेवला तेव्हा घाम आला होता. नवऱ्याला उभ्या जन्मात एवढं म्हटलं नाही. अख्ख्या फिनलंडात कुणी नातीचं इतकं कौतुक केलं नसेल. नोकरी पक्की. मिर्काला मुद्दाम तपशील सांगितले नाहीत, डोक्यात हवा जाईल.

१९ मार्च
तुर्कूचा नकार. मी म्हटलं, बघ, ती पोहण्याची ओळ राहिली होती ना, तिनं घात केला.
मिर्कानं विचारलं, आजी, तू फोनवर काय बोललीस? सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. जरा अभिमानानंच. तिनं कोट घातला आणि बाहेर गेली. तापमान उणे आठ. टोपी विसरली.

२७ मार्च
केर्तूकडून कळलं. मिर्कानं केर्तूच्या घरी बसून नवीन रेझ्युमे केला. दोन पानी. चौकशीसाठी नाव केर्तूचं. चर्चमध्ये मयतानंतरची कॉफी केर्तू बघते, तिथं मिर्कानं हिला दोनचारदा पाव कापून दिला, ही कामाची ओळख. आणि फोनवर केर्तू काय म्हणाली? मुलगी हिरा आहे. हिरा! केर्तूच्या लग्नाच्या अंगठीत काच होती, ती हिऱ्याची पारख करणार. असल्या बढाईला कुणी भुलत नाही. लिहून ठेवते.

२ एप्रिल
भुलले लोक. रोव्हानिएमीचं हॉटेल. स्वयंपाकघराची मुख्य. पार वर, उत्तरेला.
पंधरा दिवसांत परत येईल. तिला एवढी माणसं हाताखाली झेपायची नाहीत. कोचाचं कव्हर धुवायला टाकलं, म्हणजे आली की तयार.

५ एप्रिल
निश्चय: निघताना तिला काहीतरी चांगलं बोलायचं. एकच वाक्य. आंघोळ करताना म्हणून पाहिलं. येतं मला.

७ एप्रिल, सोमवार
केर्तू गाडी घेऊन खाली थांबली होती, स्टेशनवर सोडायला. मला चल म्हणून कुणी म्हटलं नाही. गाडीत जागा होती.
दारात मिर्कानं माझा हात हातात घेऊन हलवला, पाहुणे हलवतात तसा. आभार, आजी, म्हणाली. मी तोंड उघडलं. म्हटलं, बॅगेची चेन नीट लागलेली नाही.
तिनं वाकून पाहिलं. लागली आहे, म्हणाली.
लागलेलीच होती.