नवीन आहे, सांभाळून घ्या

वळ, ता. भिवंडी
१० जानेवारी २०२६

प्रिय उन्नती,

नाशिकला थंडी कडक असेल. नर्सिंगची परीक्षा जवळ आली म्हणून जेवणाची हेळसांड करू नकोस. आई म्हणतात, "पोरीला लिव, सुकी मासली धाडू का इचार." इकडे बरं आहे. गोदामात मला सकाळची शिफ्ट लागलीय, दुपार मोकळी मिळते. फोनच केला असता, पण आई समोर बसलेल्या असतात, म्हणून कागद घेतला.

काल मोबाइलवरच्या त्या ऑनलाइन गेममध्ये उतरले. मीच तुझ्या मागं लागले होते ना, तुझ्या दादांच्या ग्रुपमध्ये मला घाल, पण त्यांना कळू देऊ नकोस म्हणून. लग्नानंतर महिन्यात ते मस्कतला गेले. घरी बोलतात दोन मिनिटं, आणि शुक्रवारची सुट्टी सगळी त्या गेममध्ये. म्हटलं, तिथं तरी जवळ बसता येईल.

नाव मैना घेतलं. तू शिकवलंस तसंच वागले. गुहेत शिरल्यावर आधी नमस्कार केला, मग "नवीन आहे, सांभाळून घ्या" असं लिहिलं. माइक बंद ठेवला. एक तलवार सापडली, ती माझ्या कामाची नव्हती, उचलली नाही. तरी चूक झालीच. पुढं धावायचं नाही हे माहीत असून एका वळणावर पुढं गेले, राक्षसांचा घोळका जागा झाला आणि आम्ही पाचही जण मेलो.

दिनेश म्हणून कोणी इंदूरचा आहे. तो ओरडला, "निकालो इसको यार!"

तुझे दादा म्हणाले, "रुक ना. नई है. हम सब ऐसे ही मरे थे." मग मराठीत, "मैना, घाबरू नको. माझ्या ढालीच्या मागं मागं ये. मी हाय."

उन्नती, लग्नाला दोन वर्षं झाली. हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. रडत रडत त्यांच्या मागं चालले.

शेवटच्या राक्षसाआधी सगळे दम घ्यायला थांबले. दिनेशनं मस्करी केली, "लड़कियों से इतने प्यार से बात करता है, शादी कब करेगा?"

ते हसले. "अपने को कौन देगा लड़की? घर पे माँ है, एक बहन है. बस."

मला तेव्हाच निघायचं होतं. पण अर्ध्यात सोडून गेलं की बाकीचे चौघं अडकतात, असं तू बजावलं होतंस. राक्षस पडेपर्यंत थांबले. धन्यवाद लिहिलं आणि बाहेर पडले.

तू आणखी एक नियम सांगितला होतास. नवीन माणसानं तिथं घरचं काही विचारायचं नाही, आपलं सांगायचं नाही. बाकीचे नियम सगळ्यांसाठी असतील. हा तू माझ्यासाठीच केलास ना? तू त्या ग्रुपमध्ये वर्षभर आहेस. त्यांची बहीण कोण, हे तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. बायको आहे, हे कुणालाच नाही, आणि ते तुला माहीत होतं.

राग नाही असं लिहिणार होते. पण आहे.

आज दुपारी त्यांचा फोन आला. "आईला दे," म्हणाले. मी दिला.

उद्या वडप्याला माहेरी निघतेय. आईंना चार दिवस सांगितलेत. त्यांनी मला लेकीसारखं ठेवलं, त्यांच्या तोंडावर माझ्यानं बोलवणार नाही. मी परत येणार नाही, हे तू येऊन सांग. आणि का, तेही.

उत्तर लिहायचं असलं तर वडप्याला लिही. वहिनी म्हणू नकोस.

रीमा