माझ्या हाताने न लिहिलेली सहा पत्रे

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त सुलेखन शिक्षिका, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. घर भाच्याच्या नावे करणारे माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करते. कारण पुढे येईल.

१. माझे दोन खोल्यांचे घर, सामानासकट, माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावे. ती दूरच्या नोकरीवर निघाली तेव्हा आमचे चांगलेच वाजले होते. अबोला मात्र मी धरला नव्हता.

२. टाक, दौती आणि कित्त्यांच्या वह्या माझ्या शाळेला द्याव्यात. कपाटात कोंडून ठेवणार असतील तर देऊ नयेत.

३. भाचा, म्हणजे माझ्या दिवंगत भावाचा मुलगा, फॉन्ट बनवतो. तो माझ्याकडेच राहायचा. "आत्या, तुझं अक्षर मरू देणार नाही," म्हणत त्याने माझ्याकडून सगळी अक्षरे, जोडाक्षरे लिहून घेतली. मी हुरळून गेले. त्याने समजावले, की फाइलमध्ये अक्षराचे चित्र नसते. कडेवरचे बिंदू असतात आणि त्यांच्यामधून वळण कसे न्यायचे याचे गणित असते. संगणक दरवेळी त्यावरून अक्षर नव्याने रेखतो, म्हणून ते मुंगीएवढे करा की भिंतीएवढे, कड फाटत नाही. पडद्यावर मोठा केलेला ळ पाहून मी म्हटले, "याच्या दुसऱ्या वाटोळ्यात खड्डा पडलाय."

"एक बिंदू सरकलाय गं. छोट्या आकारात कोण बघतंय?" त्याने तो तसाच ठेवला.

माझ्या गुडघ्यांमुळे टपाल तोच वर आणायचा. मुलीची पत्रे माझ्यापर्यंत आलीच नाहीत, आणि तिचा नवा नंबर माझ्याकडे नव्हता. उत्तरे मात्र तिला गेली, माझ्या अक्षरात, निळ्या शाईत छापलेली: "या घरात तुला जागा नाही. फोनही करू नकोस."

तीन वर्षांनी, गेल्या महिन्यात, ती सहा पत्रे घेऊन मुलगी दारात उभी राहिली. "आई, एवढं तरी तोंडावर सांग."

मी पत्रे भिंगाखाली धरली. सगळे ळ तंतोतंत सारखे, प्रत्येकात तोच खड्डा. माणसाचा हात दोनदा असा चालत नाही. एकाच अक्षराची चार रूपे फाइलमध्ये ठेवून ती आलटूनपालटून वापरता येतात. माझ्या लेकीला फसवायला त्याने तेवढीही तसदी घेतली नव्हती.

"ती परत आली असती तर मी कुठे जाणार होतो, आत्या?" तो म्हणाला.

त्याने मला विचारायचे होते. ती आली असती तरी दुसरी खोली त्याचीच राहिली असती.

४. भाच्याला काहीही देऊ नये. त्याच्यावर फिर्यादही करू नये. भावाच्या मुलाला कोर्टात उभे करायला माझा जीव होत नाही. पण त्याने माझ्याच हाताने माझ्या मुलीला हाकलले, हे इथे लिहून ठेवते.

५. ती फॉन्टची फाइल त्याने विकली, शेकडो लोकांकडे गेली आहे, परत मागवता येत नाही. म्हणून आजनंतर माझ्या अक्षरातला कोणताही कागद साक्षीदारांवाचून माझा मानू नये.

मुलीला सगळे पटले आहे. तरी काल म्हणाली, "कळतंय गं आई. पण ती वाक्यं अजून तुझ्याच आवाजात ऐकू येतात." यावर कोणते कलम लिहावे, मला ठाऊक नाही.

आम्ही दोघांनी यांना हे लिहिताना समोर बसून पाहिले:
खालच्या मजल्यावरील डॉक्टर (सही)
शेजारच्या शिंपीणबाई (सही)

स्थळ: माझे जेवणाचे टेबल
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा

चाळीस वर्षे मुलांना सही करायला शिकवली. आज अंगठा उठवत आहे.