चित्राला वेगळं बटण

अधारताल, जबलपूर
४ नोव्हेंबर २०२४

चि. प्रणोतीस, अ. उ. आ.

त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. मी बादल्या भरत होते, गॅसवर दूध होतं, आणि तुझे मामा कॅमेरा गळ्यात घालून घरभर फिरत होते, की चश्मा काहून सापडून नाही राहिला. चश्मा कपाळावर होता. मला हसू येत होतं म्हणून मी सांगितलं नाही. ते तसेच तलावावर गेले.

त्या दिवशीचा फोटो तुला आठवत असेल. ऊन पाठीशी होतं, म्हणून खालच्या पायरीवर यांची सावली पडली आहे. गावातल्या सगळ्या तलावांचे फोटो यांनी काढले, पण स्वतः आहेत ते एवढ्या एकाच फोटोत. नीट पाहिलं तर सावलीच्या डोक्यावर चश्म्याचा उंचवटाही दिसतो.

तो फोटो गेला, बेटा. माझ्या अंगठ्यामुळे तो माऊस मला धरवत नाही, म्हणून तू तुमच्या ऑफिसात केलेला लिहायचा प्रोग्राम दिलास, सगळी कामं बटणांवर होणारा. यांच्या वर्षश्राद्धाला वाटायची पुस्तिका मी त्यातच करते आहे. ओळ खाली न्यायची तर कंट्रोल आणि के दाबलं की ती उचलली जाते, हव्या त्या जागी कंट्रोल आणि वाय दाबलं की परत येते. काल फोटो दोन ओळी खाली घ्यायचा होता. के दाबलं, गेला. वाय दाबलं, काही आलं नाही. फोल्डरमध्येही नाही. कॅमेऱ्याचं कार्ड यांनीच पुसलेलं.

आधीही एकदा असं झालं होतं. अक्षरं मोठी करायचं बटण फोटोवर दाबलं तर तलाव आडवा झाला. तेव्हा मी हसले. फोनवर तुला सब ठीक म्हणाले. खरं पत्रातच लिहिता येतं. तो परत येईल का, एवढंच कळव.

जीव आहेच तुझ्यावर, तूही लावत जा.
विनतामामी


हैदराबाद
९ नोव्हेंबर

ति. मामीस, शि. सा. न.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. चूक तुझी मुळीच नाही. शब्दांची बटणं माझ्या ऑफिसातल्या अनुपमने ठरवली, चित्रांची मी. टेबलं शेजारी असून एकत्र कधी बसलो नाही. त्याच्या के ने ओळ उचलली जाते, माझ्या के ने फाईलच पुसली जाते.

आता कॉम्प्युटरवर काही लिहू नकोस. विजय नगरात माझ्याबरोबर शिकलेल्या बंटीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तो येऊन घेऊन जाईल. पुसलेलं कधीकधी निघतं.

मी बटणं बदलायची म्हणते. अनुपम म्हणतो, लोकांच्या हातांना जुनी सवय झाली, आता बदललं तर शिव्या देतील. तुला काय वाटतं? अंगठ्याला शेक दे, टाळू नकोस.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी प्रणोती


अधारताल
२१ नोव्हेंबर

चि. प्रणोतीस, अ. उ. आ.

बंटी काल येऊन गेला. मौसीजी मौसीजी करत आधी दोन लाडू खाल्ले, मग म्हणाला की आधाच निघाला. वरचं पाणी आलं, पलीकडचं पिंपळाचं झाड आलं. खालच्या पायऱ्यांच्या जागी नुसता राखाडी पट्टा आहे. त्याचाच चेहरा उतरला, म्हणून मी आणखी एक लाडू दिला.

सवयीचं विचारलंस. हे गेल्यावर कित्येक दिवस माझा हात फळीवरून दोन कप काढायचा. आता एकच काढतो. हात शिकतो गं, त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. पण ज्या बटणाने ओळ परत येते त्याने फोटो येत नसेल, तर माणसाने हात ठेवायचा कुठे? अनुपमला सांग, शिव्या मी खाईन, माझ्या नावावर घाल. लाडू त्यालाही पाठवते.

आठवण ठेव, कामात बुडू नकोस.
विनतामामी


हैदराबाद
८ डिसेंबर

ति. मामीस, शि. सा. न.

अनुपमने लाडू खाल्ले आणि तो कबूल झाला. क्रम हाच होता. आता एकच नियम. शब्दाला जे बटण, चित्रालाही तेच. के ने दोन्ही उचलायचं, वाय ने दोन्ही परत आणायचं, अधिकच्या खुणेने दोन्ही मोठं करायचं. फोटो फिरवायला वेगळं बटण आहे. फाईल पुसणारं बटण कुठेच ठेवलेलं नाही. नवा प्रोग्राम बंटी घालून देईल.

मामी, तो फोटो मात्र मला परत देता आला नाही. तू म्हणशील तर ते पान आपण गाळू.

आशीर्वाद आधीइतकाच राहू दे.
तुझी प्रणोती


अधारताल
१५ डिसेंबर

चि. प्रणोतीस, अ. उ. आ.

बंटी आज प्रोग्राम घालून गेला. पान गाळू नको. आधी दुसऱ्या फोटोंवर करून पाहीन, मग त्या फोटोला हात लावीन. पुस्तिका तिथीला होईल. तू ये, आणि अनुपमलाही आण.

वाट पाहते, माया करत राहा.
विनतामामी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून दुसऱ्या दिवशीचंही लिहिते. सकाळी दूध तापवून झाल्यावर अर्धा फोटो पानावर बसवला. के दाबलं, गेला. दोन ओळी खाली येऊन वाय दाबलं, आला. मग त्या राखाडी पट्ट्याखाली लिहिलं, की इथे पायरीवर हे उभे आहेत, आणि चश्मा कपाळावर आहे.