नऊ जणांची नावे गाळू नयेत

मी, शमुवेल जेकब वळवी, वय ७४, ट्रस्टच्या दवाखान्यातला निवृत्त औषधनिर्माता, राहणार नवापूर, जि. नंदुरबार, कोणाच्या दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. स्मरणशक्ती शाबूत आहे. रागही शाबूत आहे.

१. राहते घर मुलगी एस्तेर हिला. तिला सिकलसेल आहे. या रक्ताच्या आजारात अंग असे ठणकते की माणूस अंथरुणाला खिळतो.

२. शेत मुलगा योहान याला. त्याने मला चारचौघांत "गोळ्या मोजणारा" म्हटले होते. माफ केले, विसरलो नाही.

३. बँकेतली सगळी ठेव दवाखान्याला, फक्त सिकलसेलच्या हायड्रॉक्सीयुरिया कॅप्सूल आणि त्यासोबतच्या रक्ततपासण्यांसाठी. ट्रस्टची तरतूद मार्चपर्यंतच आहे. पुढे बावीस जणांच्या कॅप्सूल बंद पडतील. योहान चिडला, "ज्या कॅप्सूलचा एस्तेरला गुण आला नाही तिलाच पैसे?" त्याला उत्तर देणे भाग आहे.

परिचारिका रूथ गावित हिने ही कॅप्सूल मागितली तेव्हा मीच आडवा गेलो. एवढ्या किमतीत किती जणांचा ताप उतरेल, म्हणालो. कशीबशी एकतीस जणांपुरती मंजूर केली. रूथ भांडली नाही. वही घेऊन आठवडी बाजारात बसली. आमच्या माणसांना तारखा आठवत नाहीत, पण चुकलेला बाजार आठवतो. म्हणून तिने प्रत्येकाला एकच विचारले, किती बाजार बुडाले? भाजीवाली नानीबाई म्हणाली, "मांगला साल बारा बुडनात, औंदा दोनच."

मी म्हणालो, पावसाळा संपला म्हणून असेल. तिने दोन्ही वर्षांचे तेच महिने समोर ठेवले. म्हणालो, आपोआप बरे झाले असतील. तिने कॅप्सूलची वाट पाहणाऱ्यांचेही बुडालेले बाजार दाखवले. त्यांचे कमी झाले नव्हते. मग दर दुखण्यामागचे सलाईन, जीपभाडे, बुडालेली मजुरी मांडली. कॅप्सूल न देणे मी स्वस्त समजत होतो, तेच गावाला महाग पडत होते. चाळीस वर्षे औषधे हाताळून मला हे दिसले नव्हते. त्या मुलीपुढे मी मनापासून हार मानली.

आणि लगेच चूक केली. एकतीसपैकी नऊ जणांना गुण नव्हता. एस्तेरच्या तर पांढऱ्या पेशी घसरल्या, कॅप्सूल थांबवावी लागली. कॅप्सूल पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवणाऱ्या ट्रस्टच्या बैठकीआधी मी रूथला म्हणालो, ते नऊ गाळ. ती म्हणाली, "काका, नऊ गाळून तुम्हाला तरी पटवलं असतं का मी?" तिने ते नऊ सर्वांत आधी वाचले. मार्चपर्यंतची मंजुरी मिळाली.

४. अट : दरवर्षी यादी नव्याने व्हावी, गुण न आलेल्यांसह. याहून चांगले औषध सिद्ध झाले तर पैसे तिकडे वळवावेत. माझे नाव कशालाही देऊ नये.

५. गोळ्या मोजण्याचा स्टीलचा ट्रे रूथला. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणूनच तिला साक्षीदार केलेले नाही.

६. ठेव तुझ्या उपचाराला ठेवू का, असे मी एस्तेरला विचारले. घरी आम्ही मावची बोलतो. इथे कचेरीच्या भाषेत लिहितो. ती म्हणाली, "पप्पा, मला गुण आला नाही हे रूथताईने लिहिलं, म्हणून बाकीच्यांचं लोकांनी खरं मानलं. माझं दुखणं तेवढं तरी कामी आलं. पैसे त्यांना द्या." मी तिच्यासमोर रडलो. योहानने हे कलम दोनदा वाचावे.

सही : शमुवेल जेकब वळवी

साक्षीदार :
१) इंद्रसिंग पाडवी, निवृत्त शिक्षक
२) कोकिळा वसावे, अंगणवाडी सेविका

नवापूर, ९ फेब्रुवारी २०२५