शालूची वेणी

चैत्र वद्य पंचमी, दिवेलागण

आज माझ्या नातीला, शालूला, पाहायला पाहुणे आले. आधी आत शिरली ती मुलाची आत्या, भडगावची. मागून त्याचे वडील. चहासुद्धा घेतला नाही बाईनं, शालूच्या डोक्यावरचा पदर सारला अन् म्हणाली, "अक्का, पोरनी वेणी कोठे गई? काही आजार शे का?"

काय सांगू? सुरेशनं, माझ्या लेकानं, केळीच्या कोल्ड स्टोरेजवरून उरलेला फोम आणला. दोन डब्यांतलं एकत्र केलं की फुगतो. पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून पत्र्याच्या फटीत ओतला. तो दुधासारखा उतू गेला, खाली बसलेल्या शालूच्या वेणीवर पडला. रॉकेल लावलं, तेल चोळलं, सुटेना. दगड झाला. कात्री मीच चालवली. त्या वेणीला जन्मभर तेल घातलं ते मीच.

सगळं सांगितलं, तरी आत्याला पटेना, म्हणून कापलेली वेणीच पुढ्यात ठेवली. तिनं नखानं गोळा टोकरला. वर पाहिलं, पत्र्याला तसेच पिवळे गोळे लोंबत होते. म्हणाली, "फेकू नका. पोऱ्याना मायले दखाडनी शे." मुलाच्या आईला दाखवायचीय म्हणे.

शालू अजून रडतेय. अन् मी मेली मनातून हरखलेय, हे बरं का? वेणी फडक्यात बांधून ठेवली. आखाजीला, अक्षय तृतीयेला, मुलाला घेऊन येतो म्हणालेत.