‘मेक’ची वीस वाक्यं

लुधियाना, ४ फेब्रुवारी २०१९

चि. मन्नीस, अ. उ. आ.

वाहेगुरूच्या कृपेने मी खुशाल आहे, म्हणजे जिवंत आहे. क्लासच्या सरांनी सगळ्यांचे मोबाईल परीक्षेपर्यंत कपाटात कोंडलेत, म्हणून हे पत्र. हसू नकोस. याआधीचं पत्र मी पाचवीत लिहिलं होतं, तेही मुख्याध्यापकांना, ताप आल्याचं खोटं.

सर रोज एक इंग्रजी क्रियापद देतात आणि त्याची वीस वाक्यं मागतात. सध्या ‘मेक’ चालू आहे. चहा ‘मेक’ करायचा, गृहपाठ मात्र ‘डू’ करायचा, आणि चूक झाली की ती पुन्हा ‘मेक’. काल मी गोंधळले तर सरांनी वर्गापुढे उभं केलं आणि म्हणाले, की हिचं सासर कॅनडाची वाट बघतंय आणि हिला अजून चहा करता येत नाही. सगळा वर्ग खदाखदा हसला.

इंग्रजीच्या परीक्षेत साडेसहा बँड, म्हणजे गुण, पडले नाहीत तर हरकंवलच्या घरात मला जागा नाही, हे तुला ठाऊकच आहे. रोक्याच्या, म्हणजे लग्न ठरल्याच्या दिवशीच त्याच्या आईने, बीजींनी, स्पष्ट सांगितलं होतं, की खर्च आमचा, बँड मुलीचे, आणि मुलगा तिच्या मागून विमानात बसेल. तरी बाई मनाने मोठी. तुझाही फॉर्म त्यांनीच भरला ना, बहिणी-बहिणी जोडीने अभ्यास करतील म्हणून! माझ्या वह्या पाठवते आहे. वाक्यं लिहून धाड, मी तपासते. आपल्याच घरातली लिही, म्हणजे डोक्यात राहतात.

आईला पैरीपौना. माया आटू देऊ नकोस.

तुझी दीदी,
रूपी

जगरांव, १९ फेब्रुवारी

ती. दीदीस सा. न.

वह्या मिळाल्या. वीस वाक्यं सोबत आहेत. आई मोहरीचा साग करते, बापूजी शेजाऱ्यांशी वैर करतात, म्हैस घाण करते, हरकंवलभाऊजी फुशारकी मारतात, सगळं ‘मेक’मध्ये बसवलं आहे. रागावू नकोस, म्हैस तुझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या आधी आली.

बीजी परवा बर्फी घेऊन आल्या होत्या. मला समोर बसवून वाक्यं मोठ्याने वाचायला लावली. त्यांना एक अक्षर कळत नाही, पण डोळे मिटून पाठ ऐकावा तशा ऐकत होत्या. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तू लवकर ये, घर खायला उठतं.

मायेची भुकेली,
मन्नी

लुधियाना, ६ मार्च

चि. मन्नीस, अ. उ. आ.

तुझ्या वीस वाक्यांत मला एकच चूक सापडली, तीही शोधून शोधून. माझ्या वहीत रोज सात-आठ असतात. तुझी वाक्यं सरांना दाखवली तर म्हणाले, की धाकटीला पाठवायचं होतं, मोठीला कशाला पाठवलं. मला वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला. दोन्ही खरं आहे.

पण बीजी तुझी वाक्यं कशाला ऐकतात? असू दे, हौस असेल. निबंध लिहायची युक्ती दुसऱ्या पानावर लिहिली आहे. ती सरांनी मला एकटीला सांगितली होती. कुणाला दाखवू नकोस.

लोभ आहेच, तो वाढव.

रूपीदीदी

जगरांव, ११ मे

ती. दीदीस सा. न.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. तुझे साडेपाच आणि माझे सात, हे कळल्याच्या तिसऱ्या दिवशी बीजी मिठाई घेऊन आल्या आणि माझ्या ओटीत शगुन घातला. बापूजी म्हणाले, की रूपी समजूतदार आहे, घरातली गोष्ट घरातच राहिली. आई चुलीपुढून उठलीच नाही. कार्यालय ठरलं आहे, तुझ्या जागी माझं लग्न, दोन जूनला. माझ्या व्हिसाची फाईलही गेली आहे.

दीदी, फॉर्म भरताना मला काही ठाऊक नव्हतं. परीक्षेच्या आठ दिवस आधी बीजींनी सांगितलं, की जिचे बँड जास्त तीच सून. मी मुद्दाम चुका करायच्या ठरवूनच पेपरला बसले होते. पण प्रश्न समोर आला, तू शिकवलेलं सगळं आठवलं आणि हात थांबेना. तू नको म्हण, मी आजच्या आज नकार देते.

तुझीच, तू मान अथवा मानू नकोस,
मन्नी

लुधियाना, २० मे

चि. मन्नीस, अ. उ. आ.

पत्र पोचलं. कार्यालय ठरल्यावर विचारतेस, की नकार देऊ का. ज्याला ताट परत करायचं असतं तो आधी घास घेत नाही, बाळ. आणि समजूतदार म्हणजे काय, तेही मला आता कळलं. जिच्या पुढचं उचललं तरी जी ओरडत नाही, ती.

तीन दिवस रडले, खोटं कशाला सांगू. चौथ्या दिवशी व्हिसाच्या कचेरीला एक पानभर पत्र लिहिलं. रोका कुणाशी झाला, किती बँडवर मुलगी बदलली, हे लग्न कशासाठी लागतंय, सगळं तारखांसकट. सोबत माझ्या रोक्याचा फोटो जोडला. त्यात तू माझ्या मागे टाळ्या वाजवते आहेस. सर म्हणतात, की असं पत्र गेलं की ते दार लवकर उघडत नाही. तुलाही नाही आणि त्यालाही नाही.

टाकण्याआधी त्यांच्याकडून तपासून घेतलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि कुठेही खूण केली नाही. ‘मेक’ चार ठिकाणी आलं आहे, चारही ठिकाणी बरोबर. परीक्षेत असं लिहिलं असतंस तर सात पडले असते, म्हणाले.

पत्र शनिवारी गेलं. लग्नाला मी येणार आहे. तुझी मेंदी मीच काढणार, दुसऱ्या कुणाला सांगून ठेवू नकोस.

माया आहे तशीच ठेव.

तुझी दीदी,
रूपी