वीस नमुने, एकवीस निकाल

सोमवार, ३ ऑगस्ट २०२०

दुपारच्या बसने किलोआ गावात पोचले. किनाऱ्यावरच्या ग्वायाकिलच्या चिकट उकाड्यातून एकदम डोंगरावर. चढ चढताना धाप लागली, पण मन हलकं झालं. आरोग्य केंद्राने दोन्या सोइला यांच्याकडे खोली घेऊन दिली आहे, लोमा गल्लीतलं तीन नंबरचं घर. खिडकीतून निलगिरीची झाडं दिसतात. दोन्या सोइला ब्याऐंशी वर्षांच्या, एकट्या राहतात. आल्या आल्या तीन घोंगड्या माझ्या अंगावर टाकल्या नि म्हणाल्या, किनाऱ्यावरची माणसं म्हणजे केळी, थंडीत काळी पडतात, पांघरून घे गं पोरी. साठाव्या वर्षी कुणी पोरी म्हणालं की किती बरं वाटतं. चीज घातलेलं बटाट्याचं दाट सूप प्यायले आणि आम्पारोची पेटी खिडकीत ठेवली. आम्पारो माझी बहीण, वर्षाने मोठी. एप्रिलमध्ये गेली. पेटीत तिची राख आहे.

काम माझ्याजोगं आहे. नर्स नेली घरोघर जाऊन नाकात काडी घालून नमुने घेते, मी वहीत नाव, वय, घर लिहिते. नमुने बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत जातात आणि तीन-चार दिवसांनी छापील यादी येते. बाधितांनी घरात राहायचं. रोज सकाळी नेली रस्त्यावरून त्यांची नावं पुकारते, त्यांनी आतून 'हजर' म्हणायचं. तीन हाकांना उत्तर आलं नाही तर दार उघडायचं. अगदी शाळेतल्या मदर इनेसच्या हजेरीसारखं. माझं कॉन्व्हेंटचं अक्षर पाहून नेली म्हणाली, बाई, या वहीत नाव लागावं म्हणून विषाणूसुद्धा रांगेत उभा राहील.

गुरुवार, ६ ऑगस्ट

पहिली यादी आली. नमुने वीस गेले होते, निकाल मात्र एकवीस. तीनदा मोजले. वरच्या एकाला नाव नाही. स्त्री, वय एकसष्ट, लोमा गल्ली, घर नऊ, बाधित. नऊमध्ये गुआमान कुटुंब राहतं. चौघंजण, त्यांत एकसष्ट वर्षांचं कुणीच नाही. बाजारात बटाटे तोलून झाले की बाई वर एक मूठ घालते, तिला इथे यापा म्हणतात. नेली हसत म्हणाली, प्रयोगशाळेनं यापा दिलाय, घ्या पदरात. मीही हसले.

सोमवार, १० ऑगस्ट

गुआमानांची आई शनिवारी गेली. तपासणीत तिला काही नव्हतं, माझ्याच हाताने तसं लिहिलं होतं.

आज सतरा नमुन्यांचे अठरा निकाल. पुन्हा एकसष्ट वर्षांची बाई, पुन्हा नाव नाही. या वेळी घर सात. मी प्रयोगशाळेला फोन केला. तिकडचे गृहस्थ सौजन्याने बोलले. म्हणाले, आकडा राजधानीला गेला, आता खोडता येत नाही. आणि म्हणाले, आमच्याकडे चूक होत नाही बाई, तुम्हीच कुणाला तरी मोजायला विसरला असाल.

गुरुवार, १३ ऑगस्ट

घर सातमधला खोगीर शिवणारा पहाटे गेला. परवा खिडकीतून मला सांगत होता, तुमच्या मापाचं खोगीर शिवतो, तेवढं गाढव तुम्ही आणा.

यादीत वरचा एक आहेच. घर पाच. आज नावाचा रकानाही भरलेला आहे. आम्पारो.

इथे लिहिते, कारण कुणाला सांगता येणार नाही. आम्पारोने घरीच प्राण सोडला. कुणी तिची तपासणी केली नाही. दाखल्यावर नुसतं 'श्वास थांबला' असं लिहिलं. कुठल्याच आकड्यात ती नाही. चौथ्या दिवशी तिचा देह नेला आणि मग कुणालाच ठाऊक नव्हतं, कुठे ते. तीन आठवड्यांनी एका बाईचा फोन आला, एक देह आहे, येऊन ओळखाल का? मला भीती वाटली. घरातूनच म्हणाले, हो, तीच. न बघता. त्यांनी मला पेटी दिली.

विषमज्वराने तिचं एक वर्ष बुडालं, म्हणून आम्ही एका वर्गात होतो. मी नेहमी उशिरा पोचायची. मदर इनेस माझं नाव घ्यायच्या तेव्हा आम्पारो मान खाली घालून माझ्या आवाजात म्हणायची, हजर. चार वर्षं. एकदाही पकडली गेली नाही.

आणि मला तिला एकदा बघायला जाता आलं नाही.

सोमवार, १७ ऑगस्ट

घर पाचमधल्या शिक्षिकेला काल इस्पितळात नेलं, ती वाटेतच गेली.

आज घर तीन. आमचं घर. आम्पारो विल्यासिस, एकसष्ट, बाधित. संपर्कात: बहीण.

दोन्या सोइलांना म्हटलं, लेकीकडे कितोला जा. त्या मक्याचे दाणे सोलत राहिल्या. म्हणाल्या, नवरा पुरला, दोन लेक पुरले, आता तुझ्या एका आकड्याला भिऊन पळू होय? ऊठ, पातेलं घे. त्यांचे हात केवढेसे आहेत.

नऊ, सात, पाच, तीन. ती त्यांच्यासाठी येत नाही. पण वाटेत जे असतं ते —

संध्याकाळी केंद्रात एकटी होते. स्वतःच्या नाकात काडी घातली. नळीवर लिहिलं, आम्पारो विल्यासिस, एकसष्ट. ती माझ्यासाठी हजर म्हणायची, आता मी तिच्यासाठी. नमुना असला की ती मोजली जाईल. मोजली गेली की थांबेल.

गुरुवार, २० ऑगस्ट

चौदा नमुने, चौदा निकाल. वरचं कुणी नाही. मी वहीवर डोकं ठेवून रडले.

आम्पारो बाधित. आता ती आकड्यात आहे.

केंद्रातली कर्मचाऱ्यांची यादी नेलीने समोर धरली. तीत माझं नाव नाही. माझ्या जागी तिचं. नेली हसली नाही. म्हणाली, आम्पारोबाई, घरी जा, दार लावून घ्या.

शुक्रवार, २१ ऑगस्ट

ताप. दोन्या सोइला ठणठणीत आहेत. दाराबाहेर सूप ठेवलं, खा गं आम्पारो, म्हणाल्या.

पेटी हलकी झाली आहे. उघडली नाही. हिंमत —

शनिवार, २२ ऑगस्ट

ऊन पडलंय. श्वास अर्धाच येतो. नेली गल्लीत आली. आमच्या दाराशी थांबली. यादी उलटसुलट करते आहे. आणि पुकारलं, पिएदाद विल्यासिस. माझं नाव. कुणाला तरी आठवलं.

ओ द्यायची आहे. आवाज फुटत नाही. दुसरी हाक. अजून एक, मग दार उघडतील. खिडकीवर हात आपटते, हात उचलत —

तिसरी.

माझ्या मागून कुणीतरी, मान खाली घालून, माझ्याच आवाजात म्हणालं ह